घराच्या कागदावर स्वयंपाकघराची ओळ

ऑगस्ट २०२३ मध्ये घर घ्यायचे नक्की झाले, तेव्हा मी वहीच्या एका पानावर खर्चाच्या नऊ ओळी लिहिल्या होत्या. सर्वांत खालची ओळ होती, ‘स्वयंपाकघर : दीड लाख’. हा आकडा मी कोठून आणला, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते, कारण बाकी सगळे वजा जाता साधारण तेवढेच उरेल असे दिसत होते आणि उरलेली रक्कमच मी अंदाज म्हणून लिहून टाकली होती. पुढच्या नऊ महिन्यांत त्या एका ओळीने मला जेवढे शिकवले तेवढे इतर आठ ओळींनी मिळूनही शिकवले नाही. पहिल्यांदा घर घेणाऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून सगळे क्रमाने आणि आकड्यांसह लिहिते आहे. हे आकडे पुण्यातले आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून २०२४ च्या जूनपर्यंतच्या काळातले आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

आम्ही घरात तिघे आहोत: मी, माझे पती आणि सासूबाई. नऊ वर्षे धनकवडीत भाड्याने राहिलो आणि त्या काळात तीन घरे बदलली. आंबेगाव बुद्रुकला एका नव्या इमारतीत दोन शयनगृहांचे घर पसंत पडले. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम पूर्ण होऊन इमारत राहण्यायोग्य झाल्याचा दाखला, आधीच मिळालेले असल्यामुळे त्यावर जीएसटी नव्हता, आणि घर निवडताना आमच्यासाठी हा मोठा मुद्दा होता, कारण बांधकाम चालू असलेल्या घरावर तो बहुधा ५ टक्के लागतो. किंमत ५४ लाख ठरली. दसऱ्याला, म्हणजे २४ ऑक्टोबरला, एक लाख रुपये इसारा देऊन पावती घेतली आणि तीन दिवसांनी बँकेकडे ४२ लाखांच्या कर्जाचा अर्ज केला. ९ नोव्हेंबरला, दिवाळीच्या तोंडावर, मंजुरीपत्र हातात आले.

तेव्हा वहीतला हिशेब असा होता. स्वतःचा हिस्सा १२ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ३,७८,००० रुपये. नोंदणी शुल्क ३०,००० रुपये. कर्जाचे प्रक्रिया शुल्क आणि वकिलांचा अहवाल मिळून १४,००० रुपये. घर तारण ठेवल्याच्या नोंदीचे मुद्रांक शुल्क कर्जाच्या ०.३ टक्के म्हणजे १२,६०० रुपये. आणि बिल्डरला आगाऊ द्यायचा देखभाल खर्च, वीजमीटर वगैरे धरून ९६,००० रुपये. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. परंतु कर्ज दोघांच्या पगारावर होते आणि दोघांचीही नावे करारनाम्यावर असावीत असा आमचा आग्रह होता, त्यामुळे ५४,००० रुपयांची ती सवलत आम्ही विचारपूर्वक सोडली. आमची एकूण बचत १९ लाख २० हजार होती. सहा महिन्यांच्या घरखर्चाची वेगळी ठेव यात धरलेली नाही, आणि ती मोडायची नाही असे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते. सगळे वजा जाता १,८९,४०० रुपये उरत होते. स्वयंपाकघराचे दीड लाख त्यात बसत होते आणि आम्ही समाधानी होतो.

१५ नोव्हेंबरला भाऊबीजेसाठी चिंचवडला नणंदेकडे गेलो. तिने वर्षभरापूर्वीच स्वतःचे स्वयंपाकघर करून घेतले होते. मी माझा दीड लाखाचा आकडा सांगितला, तेव्हा ती काही न बोलता उठली आणि पावत्यांची फाइल घेऊन आली. ‘‘वहिनी, बिल्डर ओटा देतो, स्वयंपाकघर देत नाही,’’ एवढेच ती म्हणाली. आम्ही दोघींनी जेवणानंतर तासभर त्या पावत्या एकेक करून वाचल्या. कपाटांचा खर्च मी धरला होता तेवढाच होता. जे मी मुळीच धरले नव्हते ते गवंड्याची मजुरी, सिंकची नळजोडणी, विजेचे जादा पॉइंट, टाइल्स, कपाटांच्या आतला लोखंडी आणि पोलादी सरंजाम, माल वर चढवण्याची हमाली आणि राडारोडा उचलून नेण्याचे पैसे. नणंदेचा एकूण खर्च २ लाख ७० हजारांच्या पुढे गेला होता, आणि तिच्या घरी वायफळ म्हणावे असे काहीही नव्हते.

त्या रात्री मी वहीतले पान नव्याने लिहिले. स्वयंपाकघर २,६०,००० रुपये, आणि त्यावर १५ टक्के राखीव म्हणून ३९,००० रुपये, असे एकूण २,९९,००० रुपये. हाती उरणार होते १,८९,४०० रुपये. म्हणजे १,०९,६०० रुपये कमी पडत होते, आणि हे करारनाम्याच्या आधी कळले, यातच आमचे भाग्य होते.

कारण सांगते. ३० लाखांपेक्षा जास्त आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि मुद्रांक व नोंदणी शुल्क त्या किमतीत धरता येत नाही. ५४ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४३ लाख २० हजार. आम्ही ४२ लाखच मागितले होते. म्हणजे नियमात राहूनच १ लाख २० हजार रुपये अधिक मिळू शकत होते आणि तेवढी आमची बचत मोकळी होत होती. १७ नोव्हेंबरला आम्ही बँकेत लेखी अर्ज दिला. पगाराच्या चालू महिन्याच्या पावत्या पुन्हा मागितल्या गेल्या, एक सही राहिली म्हणून एक फेरी वाया गेली, आणि २९ नोव्हेंबरला सुधारित मंजुरीपत्र मिळाले. करारनामा नोंदवून स्वतःचा १२ लाखांचा हिस्सा आम्ही बिल्डरकडे भरून मोकळे झालो असतो, तर मग मागे वळणे कठीण होते; हातात वैयक्तिक कर्जाचा मार्ग तेवढा उरला असता.

या दोन मार्गांतला फरक मी कागदावर मांडून पाहिला होता. १ लाख २० हजारांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले असते तर महिन्याला सुमारे ४,१०० रुपये हप्ता पडला असता. तीच रक्कम ८.५ टक्क्यांच्या गृहकर्जात वीस वर्षांसाठी मिळवल्यावर हप्ता साधारण १,०४० रुपयांनी वाढला. अर्थात वीस वर्षे तशीच ठेवली तर या १ लाख २० हजारांचे जवळपास अडीच लाख भरावे लागतात, हे विसरून चालणार नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात मुदतीपूर्वी रक्कम भरली तर दंड लागत नाही. म्हणून दोन वर्षांत बोनसमधून ही वाढीव रक्कम फेडायची, असे आम्ही वहीत तारखेसह लिहून ठेवले आहे. तसे झाले तर व्याज वीस हजारांच्या आसपास पडेल. पहिल्या काही महिन्यांत हप्ता आणि घरभाडे दोन्ही भरायचे होते, तेव्हा महिन्याचा भार हलका असणे आम्हाला अधिक गरजेचे होते.

१२ डिसेंबरला दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली. दोन साक्षीदार, छायाचित्र, अंगठ्यांचे ठसे आणि साडेतीन तासांची प्रतीक्षा. किंमत ५० लाखांच्या वर असल्यामुळे बिल्डरला द्यायच्या रकमेतून १ टक्का म्हणजे ५४,००० रुपये कापून आयकर खात्याकडे भरावे लागतात. खरेदीदार दोघे असल्यामुळे आम्ही प्रत्येकी २७,००० रुपयांचा २६ क्यूबी हा अर्ज वेगवेगळा भरला आणि बँकेने रक्कम सोडण्यापूर्वी त्या चलनांच्या प्रती मागून घेतल्या. हा खर्च जादाचा नसतो, किमतीतलाच असतो, परंतु तो कोणत्या दिवशी कोणत्या खात्यातून जाणार हे आधी ठरवले नाही तर ऐन वेळी धावपळ होते. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना तेव्हा मुद्रांक शुल्कावर आयकराच्या ८० सी कलमाखाली सूट मिळत होती आणि माझ्या पतींना ती मिळणार होती; तरीही ती रक्कम मी स्वयंपाकघराच्या हिशेबात धरली नाही, कारण सुताराला पैसे मार्चमध्ये द्यायचे असतात आणि करपरतावा त्यानंतर केव्हा तरी येतो. सुधारित कर्जामुळे तारणाच्या नोंदीचा खर्च ३६० रुपयांनी वाढला. सर्व देणी देऊन झाल्यावर हातात ३,०९,०४० रुपये राहिले. त्यांतले २,९९,००० रुपये मी त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात वळवले आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड सासूबाईंच्या कपाटात ठेवले.

१९ जानेवारी २०२४ ला ताबा मिळाला. स्वयंपाकघर १० फूट बाय ८ फूट, त्याला लागून ४ फूट रुंदीची ड्राय बाल्कनी, म्हणजे धुण्याभांड्यांची जागा, ८ फुटांचा सरळ ओटा, त्यावर काळा ग्रॅनाइट, एका टोकाला पोलादी सिंक आणि ओट्यावर दोन फूट उंचीपर्यंत टाइल्स. ताबा घेताना मी सिंक काठोकाठ भरला, एकदम सोडला आणि खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवले. दहा मिनिटांत कागदावर ओल दिसली. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले आणि कामाच्या दर्जातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात. मी छायाचित्रांसह ईमेल पाठवला आणि सहा दिवसांत ते गळणे बंद झाले. तुम्ही स्वतः तोडफोड करण्याच्या आधी असे सगळे दोष लेखी कळवावेत आणि प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक कोपऱ्याचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण एकदा आपला गवंडी आत आला की दोष कोणाचा हे सिद्ध करणे अवघड होते.

आता या सगळ्या अनुभवातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग. बिल्डरचा ओटा जमिनीपासून ३१ इंच उंच होता. माझी उंची ५ फूट ६ इंच आहे, सासूबाईंची ५ फुटांना एक इंच कमी. ओटा तोडून उंच करावा असे मला वाटत होते, आणि सासूबाईंना काय वाटते हे मी विचारलेच नव्हते. ४ फेब्रुवारीला, रविवारी, आम्ही दोघी रिकाम्या घरात परात, एक किलो कणीक, पाट, सुरी, दोन किलो भाजी, दहा-बारा खरकटी भांडी आणि आमची तीन बर्नरची शेगडी घेऊन गेलो. गॅस नव्हता, पण शेगडी ओट्यावर ठेवून, तिच्यावर कढई ठेवून सासूबाई ढवळल्यासारखे करून उभ्या राहिल्या. ‘‘आई, हात कुठे येतोय तुमचा?’’ मी विचारले. ‘‘अगं, खांद्याच्या जवळ येतोय. आणखी उंच केलास तर मला पाट घेऊन उभं राहावं लागेल,’’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी कणीक मळली. ती उंची त्यांना नेमकी बसत होती. मी भाजी चिरली आणि भांडी घासली, आणि वीस मिनिटांत माझी कंबर भरून आली.

त्या एका सकाळी आमच्या लक्षात आले की ओट्याला एकच उंची असण्याचे काही कारण नाही. शेगडीची स्वतःची उंची चार-पाच इंच असते, त्यामुळे शेगडीखालचा ओटा खालीच असलेला बरा. मळायलाही अंगाचा जोर लावता यावा म्हणून तो खाली हवा. सिंकचे मात्र उलट असते. भांडे ओट्याच्या पातळीवर नसते, सिंकच्या तळाशी, आणखी सात-आठ इंच खाली असते, आणि वाकावे लागते ते तिथेच. म्हणून असे ठरले की बिल्डरचा ओटा ३१ इंचांवरच राहू द्यायचा, त्यातला सिंक काढायचा, आणि खिडकीखाली ५ फुटांचा नवा ओटा ३४ इंचांवर बांधून सिंक तिकडे न्यायचा. त्या वीस मिनिटांसाठी आम्हाला एक किलो कणकेपलीकडे काही खर्च आला नाही, आणि त्या कणकेच्या पोळ्या आम्ही रात्री खाल्ल्या. कोणत्याही शोरूममध्ये जाण्याआधी हे करावे, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

पुढचे तीन आठवडे कोटेशन गोळा करण्यात गेले आणि इथे मी बरीच गोंधळले. एका मोठ्या ब्रँडच्या शोरूमने ३,८४,००० रुपये सांगितले. जीएसटी १८ टक्के वेगळा, म्हणजे ४,५३,१२०. कोंढव्याजवळच्या एका छोट्या कारखान्याने २,४६,००० रुपये सांगितले, करासह २,९०,२८०. ओळखीच्या सुताराने फक्त मजुरी सांगितली, ६२,००० रुपये, माल आमचा. शोरूमचा दर रनिंग फुटावर, म्हणजे ओट्याच्या लांबीवर होता, कारखान्याचा कपाटाच्या दर्शनी चौरस फुटावर होता, आणि सुताराने एकूण कामाचा आकडा सांगितला होता. एकाच्या दरात माळ्याची दारे धरलेली होती, दुसऱ्याच्या दरात नव्हती. एकाने ट्रॉलींचे चॅनेल, म्हणजे त्या ज्यावर सरकतात त्या पट्ट्या, साधे धरले होते, दुसऱ्याने हळू बंद होणारे. या तिन्ही कागदांची तुलना होऊच शकत नव्हती. म्हणून मी स्वतः एक तक्ता केला: खालची कपाटे १३ फूट, वरची कपाटे १० फूट, ट्रॉली किती, बिजागऱ्या किती आणि कोणत्या, आतल्या बाजूला कोणते लॅमिनेट, प्लायवूड कोणत्या दर्जाचे. हा एकच तक्ता तिघांना देऊन त्यावरच आकडे भरून मागितले. शोरूमच्या माणसाने दोनदा टाळले, तिसऱ्यांदा भरून दिले. कोणाचेही कोटेशन वाईट नव्हते. ते वेगवेगळ्या गोष्टींचे होते, इतकेच.

आम्ही सुताराकडून करून घेण्याचे ठरवले. यात पैसे वाचतात, पण वेळ आणि लक्ष खूप द्यावे लागते, हे आधीच मान्य करायला हवे. ज्यांना रोज जागेवर जाणे शक्य नाही त्यांनी कारखान्याचा पर्याय घ्यावा, असे माझे मत आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आम्ही दोन शनिवार घालवले. ओल येणाऱ्या जागेसाठी आयएस ७१० मानकाचे, म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारे) प्लायवूड घ्यावे. हा आकडा आणि आयएसआयची खूण प्रत्येक शीटवर छापलेली असते आणि ती बिलावरही लिहून घ्यावी. वरच्या कपाटांना कमी दर्जाचे चालेल, असे दुकानदाराने स्वतःहून सांगितले. चार शीटमागे साधारण साडेतीन हजार वाचले असते. पण कापलेले तुकडे खाली-वर मिसळतील या भीतीने आम्ही सगळेच एका दर्जाचे घेतले. १८ मिलिमीटरच्या १२ शीट ४४,४०० रुपये, मागच्या बाजूसाठी ६ मिलिमीटरच्या ४ शीट ६,००० रुपये, बाहेरचे आणि आतले लॅमिनेट मिळून २२,०५० रुपये, फेव्हिकॉल, खिळे आणि कडांच्या पट्ट्या ७,५०० रुपये. बिजागऱ्या, चॅनेल आणि पोलादी ट्रॉली यांना ४१,००० रुपये लागले; ही रक्कम ऐकून माझे पती गप्प झाले होते, कारण तोवर आम्ही ‘हार्डवेअर’ म्हणून मनात दहा हजार धरत होतो. तिथे मात्र काटकसर करू नये. रोज वीस वेळा उघडणारी ट्रॉली स्वस्त चॅनेलवर फार काळ टिकत नाही, हे भाड्याच्या घरात आम्ही अनुभवले होते.

काम सुरू करण्यासाठी ना हरकत पत्र लागते. सोसायटी अजून स्थापन झालेली नसल्यामुळे ते बिल्डरच्या कार्यालयाकडून घ्यायचे होते. कामाचा आराखडा, गवंडी, सुतार आणि प्लंबर यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, आणि १०,००० रुपये परतावा मिळणारी अनामत एवढे दिल्यावर नऊ दिवसांनी पत्र मिळाले. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, रविवारी बंद, भिंतीला हात लावायचा नाही, आणि ड्राय बाल्कनीची फरशी फोडायची नाही. शेवटची अट आम्हालाही पटली. तिथे फरशी फोडली की खालचे वॉटरप्रूफिंग जाते आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते. वॉशिंग मशीनची नळजोडणी म्हणून आम्ही भिंतीवरून उघडी घेतली. दिसायला थोडी उणी आहे, पण निर्धोक आहे.

२६ फेब्रुवारीला गवंडी आला. सिंकचा भाग मोकळा करताना जुन्या ग्रॅनाइटला आडवी चीर गेली. जुना दगड तसाच वापरून सिंकच्या भोकापुरता तुकडा जोडायचा, असे ठरले होते. आता पूर्ण नवा दगड घेणे आले. तोडफोड, नव्या ओट्याचा कडप्पा आणि मजुरी १९,५०० रुपये, आणि दोन्ही ओट्यांचा ग्रॅनाइट, कडांची गोलाई आणि सिंकची कापणी धरून १३,८०० रुपये. मी ग्रॅनाइटसाठी ५,००० रुपयेच धरले होते. त्या संध्याकाळी मला खरोखर रडू आले होते, आणि राखीव ठेवलेल्या १५ टक्क्यांचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. टाइल्स आणि त्या बसवणे ११,२०० रुपये, प्लंबिंग १४,६०० रुपये, ३०४ दर्जाच्या पोलादाचा नवा सिंक ६,४०० रुपये.

विजेच्या कामात एक गोष्ट शिकले. भिंतीवर खडूने मिक्सर, ओव्हन, फ्रिज, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि चिमणी यांच्या जागा प्रत्यक्ष आखून मगच पॉइंट सांगावेत. इलेक्ट्रिशियनने ओव्हन आणि इंडक्शनसाठी १६ अँपिअरचे दोन पॉइंट ४ चौरस मिलिमीटरच्या तारेने स्वतंत्र ओढून दिले. एकूण १२,३०० रुपये. टाइल्स लागल्यानंतर हेच करायला निघालो असतो तर नवीन टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या, म्हणून गवंड्याला दोन दिवस थांबवावे लागले तरी चालेल, पण वीज आणि नळ यांचे काम आधी. पाइप गॅसची जोडणी इमारतीत होती. गॅसचा पाइप आणि मीटर आपल्या प्लंबरने हलवायचा नसतो आणि कपाटात बंदही करायचा नसतो, त्यामुळे तेवढ्या भागात आम्ही कपाट केलेच नाही. जुन्याच शेगडीचे जेट पाइप गॅससाठी बदलून घेतले आणि नव्या हॉबचे, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीचे, साधारण १४,००० रुपये वाचले.

सुताराला पैसे चार टप्प्यांत दिले: सुरुवातीला १२,४००, सांगाडे उभे राहिल्यावर १८,६००, दारे लागल्यावर १८,६००, आणि शेवटचे १२,४०० काम पूर्ण होऊन दहा दिवस वापर झाल्यावर. त्याला हे पहिल्या दिवशी लिहून दिले होते, त्यामुळे वाद झाला नाही. पाडव्याला, ९ एप्रिलला, राहायला जायचे असा आमचा बेत होता. पण होळीसाठी सुतार आणि त्याचे दोघे साथीदार २० मार्चला राजस्थानला गावी गेले ते ४ एप्रिलला परत आले. त्याने हे आधी सांगितले होते आणि मीच ते वेळापत्रकात लिहिले नव्हते. पाडव्याला अर्धवट कपाटांच्या आणि भुश्याच्या घरात आम्ही गुढी उभारली आणि संध्याकाळी पुन्हा धनकवडीला आलो. एक महिन्याचा उशीर म्हणजे ३७,४८९ रुपयांचा हप्ता आणि त्याच्या जोडीला १६,५०० रुपयांचे भाडे. हे भाडे मी स्वयंपाकघराच्या खर्चात धरलेले नव्हते, आणि पुन्हा हिशेब मांडायचा झाला तर धरेन.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चिमणी बसली. ६० सेंटिमीटरची, नळीसह १५,५०० रुपये. नळीला दोनच वळणे ठेवली, कारण वळणे वाढली की ओढ कमी होते. रंगकाम ४,८०० रुपये, हमाली आणि राडारोडा ७,५०० रुपये. एकूण बेरीज २,८८,५५० रुपये झाली. वेगळ्या खात्यात १०,४५० रुपये शिल्लक राहिले. उंच कपाट, ज्याला सुताराने ३४,००० रुपये सांगितले होते, आणि माळ्याची दारे, ज्यांना २२,००० रुपये लागले असते, ही दोन कामे आम्ही बाजूला ठेवली. माळ्याला सध्या सासूबाईंनी जुन्या नऊवारीचा पडदा शिवून लावला आहे.

१० मे रोजी, अक्षय्य तृतीयेला, नव्या ओट्यावर दूध उतू घातले आणि राहायला आलो. बरोबर दहा दिवसांनी सुतार शेवटचा हप्ता न्यायला आला, तेव्हा दोन ट्रॉली किंचित घासत होत्या. त्याने बसून त्या नीट केल्या आणि मगच पैसे घेतले. अनामतीचे १०,००० रुपये मिळवण्यासाठी राडारोडा नेल्याची पावती, लिफ्टला इजा नसल्याची पाहणी आणि पुन्हा एक अर्ज एवढे लागले आणि धनादेश जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. तो त्याच वेगळ्या खात्यात भरला आहे. आता त्या खात्यात २०,४५० रुपये आहेत. माळ्याच्या दारांना आणखी १,५५० लागतील.